मधमाशी, भुंगा की साधी माशी? ओळख पटेल असा फोटो काढायचा कसा

मोबाईलचे कॅमेरे चांगले झाले तसे फुलांवरच्या माश्यांचे फोटो काढणारे पण वाढले आणि मला हे बघून खरंच आनंद होतो, कारण पाच मिनिटं एका फुलासमोर उभं राहून माशी काय करतेय हे ज्याने बघितलं तो माणूस पुन्हा तिला नुसती हाकलायला जात नाही. पण "ही कुठली आहे हो?" म्हणून जे फोटो येतात त्यातल्या बऱ्याच फोटोंना उत्तर देता येत नाही. फोटो वाईट असतात असं अजिबात नाही, उलट फूल टवटवीत, मागचं हिरवं मस्त ब्लर, रंग एकदम भारी, फक्त माशीचं डोकं पाकळीत घुसलेलं, पंख हललेले आणि पाय कुठे दिसतच नाहीत. म्हणजे ओळखायला जे लागतं तेवढंच नेमकं राहून गेलेलं असतं.

ओळखीसाठीचा फोटो हा वेगळा फोटो आहे, माझं म्हणणं एवढंच. तो देखणा आला तर उत्तमच, पण त्याचं पहिलं काम पुरावा गोळा करण्याचं आहे, आणि कुठला पुरावा लागतो हे आधीच माहीत असेल तर साध्या फोनवरसुद्धा तो मिळतो.

आधी पसारा किती मोठा आहे ते बघू. पराग गोळा करून पिल्लांना घालणाऱ्या माश्या, म्हणजे शास्त्रज्ञ ज्यांना मधमाश्यांच्या गटात धरतात त्या, त्यांच्या जगात २०,००० पेक्षा जास्त जाती नोंदवल्या गेल्यात. त्यातल्या मेणाची मोठी पोळी करून मध साठवणाऱ्या एपिस वंशातल्या जेमतेम दहाच्या आसपास. बाकीच्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात, राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही, एकच मादी मातीत बीळ खणते नाहीतर पोकळ काडी शोधते, आत पराग भरते, अंडं घालते आणि तोंड बंद करून पुढच्या कामाला लागते. त्यामुळे तपकिरी अंगाची पट्टेरी माशी एवढंच डोक्यात ठेवून बाहेर पडलात तर काळ्या कुळकुळीत, हिरव्या चमकदार, निळ्या पट्ट्यांच्या, तीन मिलिमीटरच्या आणि तीन सेंटिमीटरच्या अशा सगळ्या हातच्या जातील.

पहिला प्रश्न मात्र तोच, ही मधमाशी आहे तरी का? पिवळे-काळे पट्टे घेऊन फुलांवर फिरणाऱ्यांत होव्हरफ्लाय भरपूर असतात, त्या घरमाशीच्या नात्यातल्या, त्यांना डंख नाही, पट्टे आहेत ते पक्ष्यांनी घाबरून लांब राहावं म्हणून. शाळेत शिकवतात की माशीला दोन पंख आणि मधमाशीला चार, ते बरोबरच आहे पण फोटोत पंख मोजायला जाऊ नका, कारण मधमाशीचा मागचा पंख पुढच्या पंखाला बारीक आकड्यांनी अडकलेला असतो, ब्लाउजच्या हुकांसारखा, आणि दोन्ही मिळून एकच पंख दिसतो. त्यापेक्षा मिशा बघा. मधमाशीच्या मिशा लांब आणि मधे काटकोनात वाकलेल्या, होव्हरफ्लायच्या आखूड, बुटक्या, कधी कधी तर आहेत की नाहीत असं वाटावं इतक्या. मग डोळे बघा. होव्हरफ्लायचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात, बऱ्याच जातींत नराचे दोन्ही डोळे वर एकमेकांना चिकटलेले असतात, मधमाशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि मधे नीट चेहरा दिसतो. एरिस्टॅलिनस म्हणून एक होव्हरफ्लाय आपल्याकडे शहरातसुद्धा दिसते, तिच्या डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असतात, ते एकदा नीट बघितले की पुन्हा कधी गल्लत होणार नाही. आणि होव्हरफ्लायच्या पायाला परागाचा गोळा कधीच नसतो.

गांधीलमाशी आणि कुंभारीण यांची कंबर बारीक, अंग जवळजवळ बिनकेसाचं, पाय काटकुळे. मधमाशीच्या अंगावर, निदान पाठीवर आणि मागच्या पायांवर, लव असते. ह्याला अपवाद आहेत, काही मधमाश्या अगदी तुळतुळीत असतात, म्हणून एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. सुरवंट किंवा कोळी घेऊन चाललेली दिसली तर ती मधमाशी नव्हेच. आणि एक गंमत, सेफोनोडिस नावाचा पतंग आहे, पारदर्शक पंखांचा, दिवसा उडणारा, फुलासमोर हवेत थांबून लांब सोंडेने मकरंद पिणारा, त्याचे फोटो लोक मोठी मधमाशी म्हणून तर कधी छोटा पक्षी म्हणून पण पाठवतात.

आता कॅमेरा. जवळून फोटो काढताना सगळ्यात मोठी अडचण असते ती फोकसच्या खोलीची. मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटवायला गेलं तर एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक (अॅपर्चर) बरंच बारीक केलं तरीसुद्धा, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग शार्प येतो, त्याच्या पुढचं मागचं सगळं धूसर. मग लोक म्हणतात अॅपर्चर अजून बंद करू, एफ २२ करू, तर तिथे प्रकाशाच्या स्वभावामुळेच सगळा फोटो मऊ पडायला लागतो, म्हणून एफ ८ ते एफ ११ च्या आसपास राहिलेलं बरं. खरा उपाय वेगळाच आहे, तो म्हणजे कॅमेरा माशीच्या अंगाला समांतर धरणं. बाजूने काढत असाल तर अगदी नव्वद अंशातून बाजूने, वरून तर सरळ वरून, म्हणजे तेवढ्या एक मिलिमीटरमध्ये डोळा, पंख आणि पाय तिन्ही बसायची शक्यता वाढते. तिरकस कोनातले फोटो दिसायला छान वाटतात पण त्यात डोळा शार्प येतो आणि पोट गायब होतं. आणि फोकस रिंग फिरवत बसू नका, फोकस एका ठिकाणी ठेवून स्वतःच इंचभर पुढे-मागे व्हा आणि बर्स्ट मोडवर, म्हणजे एका दमात भराभर फोटो निघतात त्यावर, काढत राहा, दहातला एखादा लागतोच.

फोनवाल्यांसाठी थोडं वेगळं. बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो मोड म्हणजे वाइड लेन्स असते, त्यासाठी फोन माशीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो, तोपर्यंत फोनची सावली पडते आणि माशी उडते. त्यापेक्षा दोन किंवा तीन पट झूम वापरून हातभर लांबून काढा आणि नंतर क्रॉप करा. क्लिपवाली मॅक्रो लेन्स स्वस्तात मिळते आणि बारीक माश्यांसाठी ती उपयोगी पडते, फक्त ती ठराविक अंतरावरच फोकस होते, ते अंतर आधी घरी एखाद्या पानावर हाताला सवयीचं करून घ्यायचं. अजून एक, ४के व्हिडिओची प्रत्येक फ्रेम साधारण ८ मेगापिक्सेलची असते, त्यामुळे जी माशी क्षणभर थांबत नाही तिचा व्हिडिओ काढून चांगली फ्रेम उचलणं हा काही कमीपणा नाही, उलट व्हिडिओत तिची वागणूक आणि आवाज पण येतो आणि तो कधी कधी फोटोपेक्षा जास्त सांगतो.

पंख गोठवणं हा वेगळाच विषय आहे. मधमाशी सेकंदाला साधारण २३० वेळा पंख हलवते, म्हणजे १/२०० सेकंदाच्या शटरला पंखाची एक अख्खी फेरी होऊन जाते आणि फोटोत नुसता धूर दिसतो. उन्हात १/२००० च्या पुढे जा, नाहीतर फ्लॅश वापरा, कारण फ्लॅश कमी पॉवरवर असला की त्याचा प्रकाश सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो आणि तोच शटरचं काम करतो. फक्त नागडा फ्लॅश मारू नका. भुंग्याचं पोट, छोट्या हिरव्या माश्यांचं अंग एवढं चकचकीत असतं की थेट फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याच्याखालची सगळी खूण जाते. पुढे ट्रेसिंग पेपर, बटर पेपर किंवा पॅकिंगची पातळ पांढरी फोम शीट लावली तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फोनला ढगाळ हवा सगळ्यात चांगली, कडक ऊन असेल तर कुणाला तरी पांढरी छत्री धरून उभं करा.

जागा कुठली निवडायची? माझं उत्तर ठरलेलं आहे, तुळस. तुळशीच्या मंजिऱ्या आपण झाड डेरेदार व्हावं म्हणून खुडून टाकतो, थोड्या राहू द्या. फुलं एवढी बारीक की माशी एका मंजिरीवर बराच वेळ गुंतून राहते, कुंडी असल्यामुळे उंची सोयीची, आणि एकाच ठिकाणी थांबून आपल्याकडच्या माश्यांचे चार-पाच गट बघायला मिळतात. माशीमागे धावायचं नाही, फुलाजवळ थांबायचं, ती परत येतेच, आणि तुम्ही हळू हललात, तिच्यावर सावली पडू दिली नाहीत तर ती तुमच्याकडे लक्षही देत नाही.

तुळशीवर सगळ्यात बारीक काळी दिसेल, ३ ते ४ मिलिमीटरची, चिलटासारखी वाटून लोक सोडून देतात. ती पोयाची माशी, टेट्रागोनुला, डंख नसलेली. मागच्या पायाला परागाचा छोटा ओला गोळा दिसला की नक्की करा. तिचं घर जुन्या दगडी भिंतीच्या फटीत, झाडाच्या ढोलीत, कधी विजेच्या मीटरच्या पेटीत असतं आणि बाहेर राळ-मेणाची छोटी नळी डोकावत असते, त्या नळीचा फोटो मिळाला तर तो पण जोडा. पूर्वी भारतातल्या बहुतेक सगळ्यांना टेट्रागोनुला इरिडिपेनिस म्हणून टाकायचे, आता त्यात बऱ्याच वेगळ्या जाती मानल्या जातात, म्हणून फोटोवरून टेट्रागोनुला एवढंच म्हणून थांबायचं.

मग फुलोरी, एपिस फ्लोरिया, ७ ते ८ मिलिमीटर, पोटाचा पुढचा भाग तांबूस-नारिंगी आणि मागे काळ्यावर पांढऱ्या रेघा. हिचं एकच छोटं पोळं उघड्यावर, झुडपाच्या फांदीला धरून असतं. सातेरी, एपिस सेराना, १० ते ११ मिलिमीटर, पोटभर फिकट-गडद पट्टे, ही ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी करते, महाबळेश्वरकडे पेट्यांत पाळतात ती हीच, तिथलं मांघर गाव २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आणि आग्या, एपिस डॉर्साटा, दीड सेंटिमीटरच्या वर, पंख धुरकट. आता गोम अशी आहे की झूम करून फ्रेम भरून काढलेल्या फोटोत फुलोरी आणि आग्या दोघींचं पोट पुढे नारिंगी आणि मागे काळं दिसतं, आणि फोटोत आकार कळत नाही, त्यामुळे दोघींत गोंधळ होतो. म्हणून माशी उडून गेली की त्याच फुलाचा, त्याच झूमवर, बाजूला पट्टी धरून एक फोटो काढून ठेवा. नुसतं "छोटी होती" असं लिहिण्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं.

एपिसमधली चौथी म्हणजे पेटीतली मेलिफेरा, १९६० च्या दशकात भारतात स्थिरावलेली परदेशी मधमाशी, व्यावसायिक लोक सूर्यफुलाच्या, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर पेट्या आणतात तिथे दिसते. सातेरीपासून ती वेगळी करायला रंगावर भरवसा ठेवू नका, दोघींतही रंग कमी-जास्त होतो. मागच्या पंखात टोकाकडे जाणारी एक छोटी शीर असते, ती सातेरीला असते आणि मेलिफेराला नसते. पंख पसरलेला एक शार्प फोटो मिळाला तर विषय संपला. पंखांच्या शिरांवर मी इतका भर देतो तो ह्यासाठीच, रंग उन्हाने उडतो, केस झडतात, परागाने माखून सगळंच पिवळं दिसतं, शिरा बदलत नाहीत. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला एक लांबट कप्पा असतो आणि त्याच्या खाली ओळीने छोटे कप्पे, ते तीन आहेत की दोन हे मोजायचं. एपिस, भुंगा, निळ्या पट्ट्यांची अमेजिला यांना तीन, मेगाकाइलच्या घराण्याला दोन.

मेगाकाइल म्हणजे पानं कापणारी. गुलाबाच्या पानाच्या कडेला कुणीतरी गोल गोल तुकडे अगदी स्वच्छ कापून नेलेत असं दिसलं तर औषध फवारू नका हो, ती अळी नाही, ही मादी ते तुकडे नेऊन काडीत किंवा भिंतीच्या भोकात पिल्लांच्या खोल्या करते आणि झाडाचं त्याने फारसं काही बिघडत नाही. तिची खूण म्हणजे पराग पायावर नसून पोटाच्या खालच्या बाजूला, केसांच्या ब्रशवर चिकटलेला असतो आणि फुलावर बसली की पोट वर उचलते. तुरीच्या शेतात फुलोऱ्याच्या वेळी ही हमखास भेटते आणि तुरीच्या परागीकरणात तिचा मोठा वाटा आहे. वरून काढलेल्या फोटोत हा ब्रश दिसत नाही, म्हणूनच बाजूचा फोटो पाहिजेच. पराग कुठे ठेवलाय हा एक प्रश्न विचारला तरी अर्धं काम होतं बघा: मागच्या पायावर ओला घट्ट गोळा असेल तर एपिस किंवा पोयाची, पायाच्या केसांत कोरडी पूड अडकलेली असेल तर अमेजिला किंवा तिच्यासारख्या इतर एकट्या राहणाऱ्या, पोटाखाली असेल तर मेगाकाइल, आणि कुठेच नसेल तर नर असेल, परजीवी असेल किंवा ती नुकतीच बाहेर पडली असेल.

अमेजिला मला स्वतःला सगळ्यात आवडते. पोटावर निळसर चमकणारे केसांचे पट्टे, आवाज बारीक आणि तीव्र, आणि तुळशीवर अशी झपकन येते-जाते की दिवसा फोटो मिळणं कठीण. पण संध्याकाळी नर वाळलेल्या काडीला जबड्याने घट्ट धरून झोपतात, बऱ्याचदा एकाच काडीवर ओळीने, आणि सकाळी अंग तापेपर्यंत तसेच असतात. थंडीतल्या सकाळी ऊन अंगावर यायच्या आत गेलात तर समोरून, बाजूने, वरून, हवा तेवढा वेळ घेऊन फोटो काढता येतात. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलाचा पराग बारीक भोकातून बाहेर पडतो, अमेजिला आणि भुंगा फूल पकडून अंग थरथरवतात आणि तो पराग झडतो, एपिसच्या माश्यांना हे येत नाही. तो थरथरण्याचा आवाज व्हिडिओत येतो, नक्की घ्या. अमेजिलाच्या आसपास कधी काळी, पांढऱ्या-निळ्या ठिपक्यांची, पायावर पराग नसलेली एक माशी दिसेल, ती थायरियस, ती स्वतः घर करत नाही, अमेजिलाच्या घरात अंडं घालते.

भुंगा, झायलोकोपा, सगळ्यांना माहीत आहे, बांबूत किंवा घराच्या वाशात भोक पाडतो आणि खाली भुसा पडतो. पण लोकांना हे माहीत नसतं की काही जातींत मादी काळी आणि नर अख्खा सोनेरी-पिवळा असतो, दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर वेगळ्या जाती वाटतील. तो पिवळा अंगावर येतो, तोंडासमोर घोंघावतो, पण नराला डंख नसतोच, कुठल्याच मधमाशीच्या नराला नसतो. नर-मादी ओळखायला मिशीचे तुकडे मोजतात, मादीला १२, नराला १३, शार्प फोटोत खरंच मोजता येतात. खुळखुळा आणि बहावा फुलला की भुंगे शोधायला लांब जावं लागत नाही. आणि आपल्या भीमाशंकरला झायलोकोपा ट्रँक्वेबारिका नावाचा भुंगा आहे जो अमावास्येच्या रात्री पण उडतो, चांदण्यांच्या उजेडात त्याला रंग कळतात हे तिथेच केलेल्या प्रयोगांतून २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. मधमाशीच्या डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे तीन छोटे गोल डोळे असतात, रात्री उडणाऱ्यांत ते खूप मोठे असतात, म्हणून चेहऱ्याचा फोटो काढताना कपाळ कापू नका.

चकाकत्या हिरव्या छोट्या माश्या दिसल्या तर सेराटिना असू शकते, पण हिरवी घरमाशी आणि हिरवी परजीवी गांधीलमाशीही तशीच चमकते, तेव्हा पुन्हा मिशा, कंबर, लव, हाच क्रम.

पुस्तकातल्या किल्ल्या, म्हणजे एकेक खूण तपासत जात ओळखायच्या याद्या, का चालत नाहीत असं बरेच जण विचारतात. आपल्याकडच्या मधमाश्यांवरचं मूळ मोठं काम चार्ल्स बिंगहॅम यांचं, १८९७ सालचं, ब्रिटिश इंडियाच्या प्राणिजीवनाच्या मालिकेतलं, आणि त्याचा आधार अजूनही घेतला जातो. पण ते टाचणीला टोचलेले नमुने भिंगाखाली धरून केलेलं आहे, मिशीचा तिसरा तुकडा चौथ्यापेक्षा लांब का, पोटाच्या तळाशी खड्डे किती दाट, अशा खुणा जिवंत माशीच्या फोटोत येणारच नाहीत. काही गटांत तर नराचे जननेंद्रिय बाहेर काढून बघितल्याशिवाय जात सांगता येत नाही. हे काम भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या संस्थांच्या लोकांचं, आपल्याला माश्या मारायची काही गरज नाही. त्यामुळे फोटोवरून वंशापर्यंत पोचलात आणि पुढे कुणी सांगू शकलं नाही तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, "अमेजिला, जात माहीत नाही" ही पूर्ण आणि खरी नोंद आहे, उगीच नाव ठोकून दिलेल्या नोंदीपेक्षा कितीतरी मोलाची.

फोटो टाकायचे कुठे, तर आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, लोकांनी बघितलेल्या जिवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ह्या वेबसाइट, दोन्ही २००८ पासूनच्या. आयनॅचरलिस्टवर एका माशीचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका, वेगळ्या माशीचा एकही फोटो त्यात मिसळू नका, मग ती एकाच फुलावरची का असेना. अॅप स्वतः नाव सुचवतं आणि तिथेच जास्त गोंधळ होतो, कारण ते ज्या फोटोंवर शिकलंय त्यात युरोप-अमेरिकेतल्या माश्या जास्त आहेत, आपल्या सातेरीला ते बिनधास्त मेलिफेरा म्हणू शकतं. सूचना ही सूचना म्हणून घ्या, पट्टे, शिरा, पराग बघून पटली तर स्वीकारा नाहीतर फक्त "मधमाश्या" एवढ्या वरच्या पातळीवर ठेवा. दुसऱ्या कुणी नाव दिलं की आभार म्हणून लगेच सहमतीचं बटण दाबायची पण सवय आहे लोकांना, ती मोडायला हवी, कारण दोन-तृतीयांशापेक्षा जास्त ओळखणारे एका जातीवर सहमत झाले की नोंद रिसर्च ग्रेड होते आणि मग ती जगभरचे संशोधक वापरतात. त्यांनी कशावरून ओळखलं हे विचारा, बहुतेक जण आनंदाने सांगतात, शिकायचा ह्याहून चांगला मार्ग मला तरी सापडलेला नाही. नोंदीत झाडाचं नाव, वेळ, ती पराग घेत होती की मकरंद, घर दिसलं का, हे सगळं लिहा, आणि जागा स्वतःच्या घरची असेल तर लोकेशन अंधुक करायची सोय आहे ती वापरा.

काही फोटोग्राफर किडे फ्रीजमध्ये ठेवून गार करतात आणि सुस्त झाले की फोटो काढतात. हे करू नका. पहाटेची थंडी तेच काम फुकटात करते, आणि फ्रीजमधून काढून पानावर ठेवलेल्या माशीचा फोटो पुरावा म्हणूनही कुचकामी आहे, ती कुठल्या फुलावर काय करत होती हे सगळं त्यात खोटं होतं.

आग्याबद्दल वर मुद्दाम थोडंच लिहिलं. फुलावर एकटी आलेली आग्या इतर कुठल्याही माशीइतकीच शांत असते, खुशाल फोटो काढा. मोहोळाचं तसं नाही. पाण्याच्या टाक्या, उंच इमारती, गडांचे कडे, अजिंठ्याच्या लेण्या, ह्या सगळ्या ठिकाणी त्यांची पोळी असतात आणि लोकांवर हल्ले झालेत. मोहोळाचा फोटो टेलिफोटोने लांबूनच, धूर नाही, दगड नाही, अत्तर-परफ्यूम नाही, रात्री टॉर्च किंवा फ्लॅश तर नाहीच कारण त्या उजेडाकडे येतात. पोळ्यावर लाट फिरल्यासारखी चमक पसरताना दिसली तर ती नजाकत म्हणून बघत थांबू नका, सगळ्या माश्या एकापाठोपाठ पोट उचलून इशारा देतायत, मागे फिरा. चावलीच तर तिचा काटा कातडीत राहतो, त्यातून विष जात राहतं आणि त्याच्या वासाने बाकीच्या येतात, म्हणून काटा नखाने किंवा कार्डाने ताबडतोब खरवडून काढा आणि तोंड-डोकं झाकून बंद खोलीत किंवा गाडीत जा, पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. खूप ठिकाणी चावल्या असतील, किंवा एकच चावली पण ओठ-घसा सुजला, धाप लागली, चक्कर आली, तर घरगुती लेप लावत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.